लाइम मागवलं, पण कुठलं?

एमआयडीसीतल्या सांडपाणी प्रकल्पावर किंवा साखर कारखान्यात नवीन लागलेला केमिस्ट पहिलं मागणीपत्र लिहितो, तेव्हा बहुतेक वेळा ‘लाइम, 5 टन’ एवढंच लिहून मोकळा होतो. मुरलेला स्टोअरकीपर तो कागद परत सरकवतो आणि विचारतो, “साहेब, कळीचा का पावडर?” या विषयातलं निम्मं शहाणपण त्या एका प्रश्नात आहे. चुना हा शब्द आपण तीन निरनिराळ्या पदार्थांना सरसकट वापरतो. एक साधा दगड, दुसऱ्यावर पाणी पडलं तर गोणी पेटू शकते, आणि तिसरा पानाच्या डब्यात बसतो. हा लेख तिसऱ्याबद्दल आहे, म्हणजे कारखान्यात ज्याला हायड्रेटेड लाइम म्हणतात त्या विरलेल्या चुन्याबद्दल. पण पहिल्या दोघांशी ओळख करून घेतल्याशिवाय तो कळत नाही.

दगड, कळी, भुकटी

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती भट्टीत साधारण 900 अंश सेल्सिअसच्या वर तापवली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध चुनखडी 100 किलो घेतली तर 44 किलो वायू होऊन उडते आणि मागे 56 किलो कळीचा चुना उरतो. दिसायला तो दगडच, पण वजनाला फसवा हलका. मुंबईतल्या चुनाभट्टीच्या नावात या भट्ट्या अजून टिकून आहेत. आज आपल्याकडे येणारा बराचसा माल राजस्थानातल्या गोटनचा किंवा मध्य प्रदेशातल्या कटनीचा असतो. यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळच्या राजूरलाही चुन्याचा धंदा आहे.

या कळीवर पाणी घातलं की ती फुटते, फुलते, तापते. याला चुना विरवणं म्हणतात. 56 किलो कळी 18 किलो पाणी पिते आणि 74 किलो भुकटी तयार होते. हे पाणी भुकटीत रासायनिकरीत्या बांधलं गेलेलं असतं, म्हणून ती हाताला अगदी कोरडी लागते. या वेळी निघणारी उष्णता थोडीथोडकी नसते. एक किलो चांगल्या कळीची सगळी उष्णता पाण्यालाच लागली, तर साडेतीन लिटर गार पाणी उकळेल एवढी ती असते. पूर्वी घर रंगवायच्या आदल्या दिवशी पिंपात चुना रटरटताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे आकडे लागणार नाहीत.

कारखान्यात हेच काम यंत्रात, मोजून पाणी घालून होतं. जेवढं लागतं त्याहून किंचितच जास्त पाणी दिलं जातं आणि ते जास्तीचं पाणी उष्णतेनं वाफ होऊन जातं. मागे पिठासारखी बारीक भुकटी उरते. ती चाळून खडे बाजूला काढतात आणि गोण्या भरतात. हेच हायड्रेटेड लाइम, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्यात पाणी घालून घट्ट ठेवला तर लगदा, पातळ केला तर मिल्क ऑफ लाइम, आणि ते दूध तसंच ठेवून वरचं स्वच्छ पाणी घेतलं तर चुन्याची निवळी. नावं तीन, माल एकच.

गोष्ट इथेच थांबत नाही. ही भुकटी हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू ओढून घेते आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होते, म्हणजे जिथून निघाली त्या दगडाकडेच परतते. भिंतीवरचा चुन्याचा गिलावा घट्ट होतो तो यामुळे, आणि गोदामात सहा महिने उघडी पडलेली गोणी निकामी होते तीही यामुळेच.

आणखी एक उलटा गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुना गरम पाण्यात कमी. 20 अंशांना एका लिटरमध्ये जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, आणि पाणी उकळतं ठेवलं तर त्याच्या निम्माही नाही. पण जो विरघळतो तेवढ्यानंच पाण्याचा पीएच (7 म्हणजे मधला, खाली आंबट, वर अल्कली) 12.4 पर्यंत जातो. बाकीचा तळाशी शिलकीत बसून राहतो. वरचा खर्च झाला की त्यातला थोडा विरघळून जागा भरून काढतो. कॉस्टिक सोड्याचं तसं नाही. तो सगळाच्या सगळा एकदम विरघळतो, आणि हात जरा सैल सुटला तर पीएच 13 च्या पार निघून जातो. चुन्याला वरची मर्यादा त्याच्या स्वभावातच आहे. तो स्वस्त आहे म्हणून वापरतात हे खरं, पण असा आवरता येतो म्हणूनही वापरतात.

उसाच्या रसात

महाराष्ट्रात चुन्याचं काम जवळून बघायचं असेल तर हंगामात एखाद्या साखर कारखान्याच्या रस शुद्धीकरण विभागात जावं. मिलमधून येणारा रस मातकट, हिरवट-काळपट आणि किंचित आंबट असतो. त्याचा पीएच साधारण 5.2 ते 5.5. असा आंबट रस तसाच तापवला तर त्यातली साखर फुटते, म्हणजे सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि ती पुन्हा दाणा धरत नाही. शेतकऱ्यानं तोडून दिलेल्या उसातली साखर तिथेच वाया जाते. म्हणून रस 70 अंशांच्या आसपास तापवून त्यात मिल्क ऑफ लाइम सोडतात.

चुना तिथे दोन कामं करतो. आंबटपणा मारणं हे पहिलं आणि सगळ्यांना माहीत असलेलं. दुसरं जास्त गमतीचं आहे. उसाच्या रसात मुळात थोडं फॉस्फेट असतं. चुन्यातला कॅल्शियम त्याला धरतो आणि कॅल्शियम फॉस्फेटचा लोकरीसारखा साका तयार होतो. हा साका खाली बसताना माती, मेण, प्रथिनं असं सगळं आपल्याबरोबर ओढून नेतो. रसातलं फॉस्फेट कमी पडलं तर चुना कितीही ओता, रस गढूळच राहतो. मग वरून फॉस्फोरिक अ‍ॅसिड द्यावं लागतं. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या साखरेसाठी याच टप्प्यावर सल्फर डायऑक्साइडही सोडतात. तो जास्तीच्या चुन्याशी मिळून आणखी साका पाडतो आणि रसाचा पीएच 7 च्या आसपास येतो. मग रस उकळीपर्यंत तापवून क्लॅरिफायरमध्ये स्थिर ठेवतात. वरून निवळ, सोनेरी रस निघतो आणि तळाचा गाळ गाळणीवरून प्रेसमड होऊन शेताला जातो.

एका टन उसाला साधारण दीड ते दोन किलो चुना लागतो. रोज 5,000 टन गाळप करणाऱ्या कारखान्यात म्हणजे साडेसात ते दहा टन, दर दिवशी, हंगामभर. आणि त्यातली चूक दोन्ही बाजूंनी महाग. चुना कमी पडला तर साखर फुटते. जास्त झाला तर रसातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजची नासाडी होऊन रंग काळवंडतो, आणि कॅल्शियमचे क्षार पुढे रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत दगडासारखे बसतात. ते खरवडायला मग गाळप थांबवावं लागतं.

गुऱ्हाळावरचे गुळवे हेच शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या पीएचमीटरशिवाय करत आले आहेत. काहिलीतल्या रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणायची, ती झाऱ्यानं काढून टाकायची, आणि चुन्याची निवळी घालून रस सारखा करायचा. निवळी जास्त झाली की गूळ काळा पडतो, हे त्यांना कुणी वर्गात शिकवलेलं नसतं.

आंबट पाणी, जड धातू आणि नळगोंडा

एमआयडीसीत चुन्याचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे सांडपाणी प्रकल्प. रंग, औषधं, प्लेटिंग, धातू धुण्याचं काम, या सगळ्यांतून आम्लयुक्त पाणी निघतं. 98 किलो गंधकाम्ल मारायला 74 किलो शुद्ध विरलेला चुना लागतो. हिशेब सरळ आहे. पण त्यातून जिप्सम तयार होतं, तेही पाणी धरून 172 किलो. म्हणजे चुना स्वस्तात आला तरी मागे गाळ ठेवून जातो, आणि तो गाळ उपसणं, वाळवणं, धोकादायक कचऱ्याच्या जागी पाठवणं याचा खर्च वेगळा पडतो. चुना का कॉस्टिक, हा वाद प्रत्येक प्रकल्पावर चालतो, आणि माझ्या मते तो नुसता किलोचा भाव बघून मिटवणाऱ्यांनी एकदा गाळाच्या ट्रकची बिलं समोर घ्यावीत.

धातूंच्या बाबतीत मात्र गाळ हवाच असतो. पाण्यात विरघळलेलं तांबं, जस्त, निकेल पीएच वाढवला की हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतात. मात्र प्रत्येकाची बसायची जागा वेगळी आहे. क्रोमियम 8 ते 9 च्या दरम्यान बसतो, निकेलला 10 च्या जवळ जावं लागतं. त्यातही प्लेटिंगमधला पिवळा, सहा संयुजेचा, सर्वांत घातक क्रोमियम चुन्याला अजिबात दाद देत नाही. आधी पाणी आम्लयुक्त करून, सोडियम मेटाबायसल्फाइट घालून त्याचा हिरवा, तीन संयुजेचा क्रोमियम करायचा आणि मग चुना. ही पायरी गाळून थेट चुना ओतला तर पाण्याचा पीएच कागदावर छान दिसतो आणि विष मात्र नाल्यात जातं.

पिण्याच्या पाण्यातही चुना असतो. तुरटी घातल्यावर पाणी किंचित आम्लयुक्त होतं आणि लोखंडी नळ गंजवू लागतं, तेव्हा पीएच सावरायला चुना देतात. जड पाणी हलकं करण्यातही तो आहे. पाण्यातला जडपणा कॅल्शियमचा, आणि तो घालवायला पुन्हा कॅल्शियमच टाकायचा. काट्यानं काटा काढायचा तो असा. बायकार्बोनेट असलेल्या पाण्यात मोजून चुना घातला की दोन्हीकडचा कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी जातो.

फ्लोराइडच्या बाबतीत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं नाव घ्यायला हवं. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर या तीन बाजारू वस्तूंवर चालणारी फ्लोराइड काढण्याची पद्धत बसवली. तेलंगणातल्या ज्या जिल्ह्यात फ्लोराइडनं दात आणि हाडं खराब झाली होती, त्या जिल्ह्याच्या नावानं ती नळगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते. विदर्भातल्या चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांतही हाच त्रास आहे. गंमत म्हणजे त्या तिसऱ्या वस्तूचा, ब्लीचिंग पावडरचा, जन्मही चुन्यातूनच होतो. विरलेल्या चुन्यावरून क्लोरीन वायू नेला की ब्लीचिंग पावडर तयार.

मोरचूद आणि विळ्याची परीक्षा

नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षबागायतदारांना बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक सांगायला नको. पण ते निघालं कसं ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खात. म्हणून बागवाल्यांनी त्या ओळींवर मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं ओंगळ निळं-पांढरं मिश्रण शिंपडलं, उद्देश एवढाच की ते बघून कुणी तोंडात घालू नये. 1882 साली मियार्दे या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की केवडा या बुरशीच्या रोगानं सगळी बाग झडली, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत. तीन वर्षांनी, 1885 मध्ये, त्यानं हे मिश्रण जगापुढे मांडलं. चोरांसाठी केलेली तजवीज बुरशीला लागू पडली.

नुसतं मोरचूद पानं जाळतं. चुना ते आम्ल मारतो आणि तांबं पानावर चिकटून राहील, हळूहळू सुटेल अशा रूपात आणतो. एक टक्क्याचं प्रमाण सगळ्यांना पाठ असतं: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. पण हिशेब मांडून बघा. 1 किलो मोरचुदाला शुद्ध विरलेला चुना फक्त 300 ग्रॅमच्या आसपास पुरतो. मग किलोभर कशाला? एक तर बाजारातला चुना शुद्ध असेलच याची खात्री नाही. दुसरं म्हणजे चुना थोडा जास्त झाला तर पान वाचतं, कमी झाला तर जळतं. म्हणून चांगला हायड्रेटेड चुना वापरणारे बागायतदार आता किलो न टाकता पीएच कागद बघत बघत चुना वाढवतात.

मोरचूद एका प्लास्टिकच्या पिंपात, चुना दुसऱ्या पिंपात विरघळवून मग दोन्ही एकत्र करायचे. लोखंडी भांडं चालत नाही. आणि शेवटी ती जुनी परीक्षा. घासून लख्ख केलेला विळा किंवा चाकू मिश्रणात मिनिटभर बुडवून काढायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं अजून मोकळं आहे, चुना कमी पडला. पातं स्वच्छ निघालं तर फवारणी करा, आणि त्याच दिवशी संपवा. शिळं मिश्रण फाटतं.

बांधकामातला चुना हा स्वतंत्र लेखाचा विषय. गडांवर फिरणाऱ्यांना गोल चर आणि त्यातलं दगडी चाक दिसलं असेल. तो चुन्याचा घाणा. आता तिथे चुना मळत नाही, पण नवे उपयोग आले आहेत. औष्णिक वीज केंद्रातली राख आणि चुना पाण्यात एकत्र आले की सिमेंटसारखे घट्ट धरतात, त्यातून राखेच्या विटा होतात. काळ्या मातीतला रस्ता पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात भेगाळतो. त्या मातीत वजनाच्या 3 ते 6 टक्के चुना मिसळला की तिचं फुगणं बरंच आटोक्यात येतं. कातडी कमावताना केस सुटावेत म्हणून ती चुन्यात मुरवतात, ही पद्धतही जुनीच.

घेताना काय बघायचं

हायड्रेटेड लाइमच्या प्रमाणपत्रावर ‘उपलब्ध चुना’, म्हणजे खरोखर कामाला येणारा चुना, टक्क्यांत दिलेला असतो आणि तिथे मोठा घोळ होतो. काही जण कॅल्शियम हायड्रॉक्साइडची टक्केवारी देतात, काही कॅल्शियम ऑक्साइडची. शंभर टक्के शुद्ध विरलेल्या चुन्यात ऑक्साइडच्या हिशेबानं 75.7 टक्केच भरतात, कारण बाकीचं पाणी आहे. म्हणजे भुकटीच्या प्रमाणपत्रावर ‘कॅल्शियम ऑक्साइड 85 टक्के’ दिसलं तर एक तर त्यात न विरलेली कळी आहे किंवा कागद दुसऱ्याच मालाचा आहे. 90 टक्के हायड्रॉक्साइड आणि 68 टक्के ऑक्साइड हा एकच माल. दोन पुरवठादारांचे भाव लावताना हे आधी सारखं करून घ्या. भारतीय मानक 1540 चा दुसरा भाग याच मालासाठी आहे, मागणीपत्रात तो लिहिला की निम्मे वाद टळतात.

संगमरवराची भुकटीही पांढरीच असते, आणि ‘चुना लावणे’ हा वाक्प्रचार या धंद्यात अगदी शब्दशः खरा ठरू शकतो. चिमूटभर माल पाण्यात कालवून त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे थेंब टाका, अर्थात गॉगल लावून. चांगला चुना जवळजवळ मुकाट्यानं विरघळतो. जोरात फसफसला तर त्यात कार्बोनेट आहे, मग ते भेसळीचं असो वा जुन्या मालाचं. प्रयोगशाळेत उपलब्ध चुना मोजायची रूढ पद्धत मला फार आवडते. माल साखरेच्या पाण्यात हलवतात. साखर खरा चुना विरघळवून घेते, कार्बोनेटला हात लावत नाही. मग गाळून अ‍ॅसिडनं मोजायचं. साखर शुद्ध करायला चुना, आणि चुन्याची शुद्धता तपासायला साखर.

डोळा

आता सुरक्षेचा भाग. पानाला लावतो, तंबाखूत मळतो, भिंतीला फासतो, त्याची भीती कसली, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, आणि बहुतेक अपघातांच्या मुळाशी हेच वाटणं असतं.

चुन्याचा खरा धोका डोळ्याला. आम्ल डोळ्यात गेलं तर वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि तो थर पुढची वाट काहीसा अडवतो. अल्कलीचं उलट आहे. ती स्निग्ध पदार्थांचा साबण करत, पेशी विरघळवत आत शिरत राहते. त्यात चुन्याचे कण पापणीखाली चिकटून बसतात आणि अश्रूंत थोडे थोडे विरघळत राहतात. मघाशी ज्याला शिलकीचा गुण म्हटलं, तोच इथे घात करतो. बुबुळ पांढरं पडून दृष्टी कायमची जाऊ शकते.

याचे रुग्ण फक्त कारखान्यातून येत नाहीत. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची प्लास्टिकची पुडी किंवा ट्यूब लहान मुलाच्या हाती लागते. ते ती दाबतं, ती फुटते आणि लगदा थेट डोळ्यात उडतो. भारतातल्या नेत्ररोगतज्ज्ञांच्या हे चांगल्या ओळखीचं आहे. घरात कुणी तंबाखू मळत असेल तर ती पुडी औषधांइतकीच उंचावर ठेवा. एवढं कोणत्याही घरात जमण्यासारखं आहे.

चुना डोळ्यात गेला तर त्याच सेकंदाला पाणी. अगदी डॉक्टरांना फोन करण्याच्याही आधी. नळाखाली, मगानं, पाइपनं, जे जवळ असेल त्यानं, पापण्या बोटांनी उघड्या धरून, निदान 15 मिनिटं. आणि कण असतील तर त्याहून जास्त. वरची पापणी उलटून दिसणारा खडा ओल्या कापसानं टिपून घ्यायचा. डोळा चोळायचा नाही. लिंबू, व्हिनेगर, दूध, तूप, गुलाबपाणी यातलं काही नाही. आम्लानं अल्कली मारू, हा हिशेब पिंपात चालतो, डोळ्यात नाही. दुखायचं थांबलं तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंच, कारण आत झालेली इजा उशिरा कळते.

म्हणून गोणी फोडताना, टाकीत ओताना, पंप उघडताना बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा. साधा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. भुकटीच्या कामावर कॉन्टॅक्ट लेन्स घालू नये.

त्वचेचं गणित वेगळं आहे. कोरडी भुकटी कोरड्या हातावर फार काही करत नाही. पण एप्रिल-मेच्या उकाड्यात मान, कंबर, कोपराचा आतला भाग घामानं ओला असतो, आणि तिथे भुकटीचा लगदा होतो. लगेच दुखत नाही. संध्याकाळी अंघोळ करताना कातडी सोललेली दिसते. गवंड्यांच्या भाषेत चुना बोटं खातो. ओल्या सिमेंटनंही हेच होतं, कारण त्यातही हाच कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतो. सुती हातमोजे ओले झाले तर चुना धरून ठेवतात, त्यापेक्षा नायट्राइलचे बरे. पँट गमबुटाच्या आत खोचायची नाही, बाहेर सोडायची, नाहीतर भुकटी बुटात उतरते आणि दिवसभर घोट्याशी बसून राहते. अंगावर चुना सांडला तर आधी कोरडाच झटकायचा आणि मग भरपूर पाण्यानं धुवायचा. चुकून पोटात गेला तर तोंड धुवून थेट दवाखाना गाठायचा, उलटी करवायची नाही.

श्वासाबद्दल एक आकडा. आठ तासांच्या पाळीत हवेत घनमीटरला 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चुन्याची धूळ नसावी, अशी व्यावसायिक आरोग्यात मानली जाणारी मर्यादा आहे. गोणी उंचावरून पालथी केली की ती केव्हाच ओलांडली जाते. तोंडाला गुंडाळलेला टॉवेल धूळ अडवत नाही, उलट घामानं ओला होऊन गालाला चुना लावून ठेवतो. एन 95 दर्जाचा मास्क हवा. त्याहून चांगलं म्हणजे गोणी टाकीच्या तोंडाशी टेकवून, खाली धरून कापणं आणि धूळ ओढणारा पंखा चालू ठेवणं.

गोदाम आणि टाकी

कळीचा चुना आणि भुकटी यांचं गोदाम वेगळं ठेवावं, निदान भिंत तरी मध्ये हवी. विरलेला चुना जळत नाही, पाण्यानं तापतही नाही. कळी मात्र गळक्या पत्र्याखाली ठेवली आणि पहिला वळीव पडला की तापून शेजारच्या तागाच्या गोण्या, लाकडी फळ्या पेटवू शकते. कळी असलेल्या आगीवर पाणी मारणं म्हणजे आगीत तेल. कोरडी वाळू किंवा ड्राय पावडरचं नळकांडं वापरायचं. विरवतानाही क्रम एकच: आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. ढिगावर तांब्याभर पाणी टाकलं की वाफेनं ती उसळून तोंडावर येते.

भुकटीच्या गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून सुटून, झाकून. जुना माल आधी वापरायचा. शेजारी आम्लाचे कॅन नकोत, आणि अमोनियम सल्फेटसारखी खतंही नकोत, कारण चुन्याशी गाठ पडली की अमोनियाचा वास डोळ्यांत पाणी आणतो. कालवायला अ‍ॅल्युमिनियमचं भांडं किंवा जस्ताची बादली घ्यायची नाही. ओला चुना या धातूंना खातो आणि हायड्रोजन सोडतो, आणि तो पेटतो. प्लास्टिक किंवा साधं लोखंड चालतं.

मिल्क ऑफ लाइमच्या टाकीतली ढवळणी बंद पडली तर काही तासांत तळाला चुना घट्ट बसतो. त्याची पाइपलाइनही सतत आतून दगड धरते. म्हणून जाणकार तिथे लोखंडी पाइपाऐवजी रबरी होज घालतात. पंप बंद करून, होज मोकळं करून वरून हातोडी मारली की आतला थर फुटून पडतो. चोक झालेली लाइन दाबाखाली असताना खोलणं ही या कामातली सर्वांत वाईट सवय. लगदा पिचकारीसारखा सुटतो आणि तो बरोबर चेहऱ्याच्या उंचीवर येतो. सायलोत, म्हणजे भुकटीच्या उंच कोठीत, ती वर अडकून खाली पोकळी राहते. ती मोकळी करायला कुणीही आत उतरायचं नाही. वरचा ढीग एकदम कोसळतो आणि माणूस गाडला जातो.

सांडलेली भुकटी पाण्यानं गटारात ढकलू नये. नाल्याचा पीएच चढला की मासे मरतात आणि गटारही चोक होतं. झाडूऐवजी व्हॅक्यूम, नाहीतर हलका पाण्याचा शिडकावा देऊन फावड्यानं उचलायची.

आय वॉश (डोळे धुवायचा फवारा) आणि शॉवर चुन्याच्या टाकीपासून दहा सेकंदांत पोचता येईल इतक्या जवळ हवेत आणि वाटेत ड्रम रचलेले नकोत. ते आठवड्यातून एकदा सोडून बघा. पहिली काही मिनिटं गंजाचं पाणी येतं, तेच पाणी कुणाच्या डोळ्यात जायला नको. विदर्भात किंवा सोलापुरात मे महिन्यात उघड्यावरच्या पाइपातलं पाणी हात भाजेल इतकं तापतं. तो पाइप सावलीतून घ्या किंवा वरून गुंडाळा.

आणि रिकाम्या गोण्या. त्या चांगल्या जाड असतात, फेकवत नाहीत, म्हणून पाळी संपल्यावर कुणीतरी त्या गेटबाहेर झटकतो आणि घरी घेऊन जातो. झटकताना उडालेली धूळ शेजारच्याच्या डोळ्यात जाते, आणि घरी त्याच गोणीवर शेंगा वाळत पडतात किंवा पोरं खेळतात. गोणी रिकामी झाली की तिथल्या तिथे गुंडाळून बांधायची आणि स्टोअरमध्ये मोजून परत घ्यायची.